ताईंचं वांगं, माझं वांगं

वांग्याचा फोटो काढणं लग्नाच्या फोटोपेक्षा अवघड असतं, असं मी म्हटलं की लोक हसतात. हसू देत. मी दोन्ही काढलेत. नवरीला ‘हनुवटी जरा खाली’ सांगितलं की ती खाली घेते. वांग्याला सांगून उपयोग नसतो. वर नवरीकडची माणसं फोटो बघून निदान ‘छान आलाय’ म्हणतात, वांग्याकडचं कोणी काही म्हणत नाही.

धुळ्यात माझा स्टुडिओ होता. मोबाइल आले आणि माझ्याकडे पासपोर्टच्या फोटोपुरती माणसं उरली. तेव्हा एका ओळखीच्या माणसाने सांगितलं की जळगावजवळ, असोद्याच्या अलीकडे एका संस्थेचं शेत आहे, त्यांना फोटोवाला हवाय. शेताला फोटोवाला कशाला, असं मीही विचारलं होतं. गेल्यावर कळलं की ते साधं शेत नव्हतं, संग्रहालय होतं. फक्त तिथल्या वस्तू जिवंत होत्या. खिल्लारीच्या कुळातले थिल्लारी बैल, सातपुड्याकडच्या काळ्या कोंबड्या, बाजारातून गेलेल्या केळींच्या जाती, आखूड धाग्याचा जुना कापूस, आणि भरिताची वांगी. इतर संग्रहालयांत मडकं फुटतं. आमच्याकडे बकरी सुटली की प्रदर्शनातली वस्तू खाऊन टाकायची.

माझं काम असं की प्रत्येक जनावराचा आणि झाडाचा फोटो असा काढायचा की उद्या कोणालाही त्यावरून तो वाण ओळखता यावा. म्हणजे सुंदर फोटो नको, खरा फोटो हवा. बैल घ्या. तो बाजूने उभा हवा, चारही पाय दिसायला हवेत, खूर गवतात बुडता कामा नयेत. कॅमेरा त्याच्या पोटाच्या उंचीवर धरायचा, म्हणजे गुडघ्यावर बसायचं, आणि बसताना शेण पाहायचं नाही. शेवटी कान पुढे हवेत. त्यासाठी माझ्यामागे कोणीतरी सरकीची पाटी वाजवायची. पाटी वाजली की कान पुढे येतात, त्याच क्षणी बटण दाबायचं. उशीर झाला तर बैल सरकीकडे चालत येतो, आणि मध्ये मी असतो.

सोमवारी सकाळी एसटीने यायचं, शेतावरच्या खोलीत राहायचं, शनिवारी धुळ्याला परत. या नोकरीत मला सगळं आवडत होतं. फक्त ताई आवडत नव्हत्या.

ताई अमळनेरच्या. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. आठवड्यातून दोनदा रेल्वेने यायच्या आणि ज्या झाडांचे मी फोटो काढायचो त्यांचीच चित्रं काढायच्या. आमच्या आबांचं, म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचं म्हणणं, दोन्ही असू द्यावं. मला ते कधीच पटलं नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, आणि इथे तर एका तलवारीला खुर्ची होती. कडुनिंबाखाली वेताची खुर्ची, टेबल, टेबलावर ओलं फडकं. ताई बसल्या की झाड त्यांच्याकडे जायचं. फांदी, फूल, फळ, सगळं ताटात घालून. मी मात्र झाडाकडे जायचो, उन्हात, चिखलात, पाठीवर पिशवी घेऊन. त्यांचे गुडघे दुखायचे म्हणून त्या वाफ्यात उतरत नसत. माझेही दुखायचे. मी सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही.

ते ताट घेऊन जायची सीताअक्का. भाजीपाल्याचे वाफे तिच्याकडे होते. नवरा गोठ्यावर, ती वाफ्यांवर, दोघं शेतावरच राहायचे. तिचं माहेर अमळनेरच्या बाजूचं, त्यामुळे ताई म्हणजे तिला माहेरचं माणूस. ताई आल्या की गवती चहा घातलेला चहा व्हायचा. मी आलो की अक्का लांबूनच ओरडायची, “फोटोवाला भाऊ, पाय पाहीसन ठेवा!” पाय मी बघूनच ठेवत होतो. पण चहाच्या आधी मला नेहमी ते वाक्य मिळायचं, आणि चहाही ताईंच्या किटलीत उरला तर.

एका वर्षी थिल्लारी गोऱ्ह्याचा फोटो हवा होता. मी मुद्दाम पोळा होऊ दिला, म्हटलं सणाची धावपळ संपली की निवांत काढू. गेलो तर शिंगांना लालभडक ऑइल पेंट. नुसता हिंगूळ असता तर धुऊन निघाला असता. गोठ्यावरचे म्हणाले, दरवर्षी रंग उतरतो, यंदा पक्का लावला. शिंगाचा खरा रंग दिसल्याशिवाय फोटोचा उपयोग नाही, कारण शिंगाच्या रंगावरून आणि वळणावरून जात ओळखायची असते. मी थांबलो. रंग उतरेपर्यंत थंडी आली. तेवढ्यात ताईंनी काय करावं? गोऱ्ह्यासमोर बसल्या, शिंगाच्या बुडाशी जिथे रंग पोचला नव्हता तिथला रंग पाहिला आणि अख्खं शिंग बिनरंगाचं काढलं. दोन बैठकांत बैल तयार. आबांनी तो फ्रेम करून हॉलमध्ये लावला. माझा फोटो थंडीत निघाला तेव्हा भिंत भरलेली होती.

केळीचंही तेच. केळफूल, कच्चा घड, पिकलेलं केळ आडवं कापलेलं, बुडाशी फुटलेला मुनवा, हे सगळं ताईंच्या एका कागदावर. मला त्याला महिनोन्‌महिने लागायचे आणि शेवटी हातात वेगवेगळे फोटो. मी आबांना म्हणायचो, असं झाड जगात कुठेच नसतं हो, एकाच वेळी फूल आणि पिकलेलं फळ आणि वर एकही पान फाटलेलं नाही. केळीचं पान आणि फाटलेलं नाही! आबा म्हणायचे, “भाऊ, पण समजतं ना माणसाला?” समजत होतं. तेच तर दुखणं होतं.

आता दुखणं नीट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी एक पाटी असायची. टाइलवर छापलेली, उन्हापावसाची भीती नाही. वर चित्र, खाली वाणाचं नाव, आणखी खाली चित्रकाराचं नाव. शाळेच्या सहली यायच्या, बाया-माणसं यायची, पाटीपुढे उभी राहायची. एकूणएक पाटीवर ताई. माझे फोटो कार्यालयातल्या संगणकात. अभ्यासकांना लागले तर मिळतील, असं आबा म्हणायचे, आणि अभ्यासक दसरा-दिवाळीसारखे वर्षातून एकदा यायचे. मला एक पाटी हवी होती. एकच. धुळ्याहून बायकोला आणून दाखवता येईल अशी. ती घरी विचारायची, तिकडे नेमकं काय करता हो तुम्ही?

वांग्याची पाटी तरी मला मिळेल असं वाटलं होतं. ते वांगं आमच्या शेताची शान. तापीकाठच्या एका म्हाताऱ्या माणसाने मरण्याआधी आबांना मूठभर बी दिलं होतं. त्याच्या गावात कोणी ते लावेनासं झालं होतं. फिकं हिरवं, पांढऱ्या रेघांचं, हातात मावत नाही एवढं. कपाशीच्या काड्यांवर भाजलं की साल आपसूक सुटते आणि आतला गर लोण्यासारखा. मी पहिल्या लावणीपासून त्याच्या मागे होतो. रोप, फूल, पानाची मागची बाजू, देठ, सगळं काढलं. चकाकणाऱ्या सालीवर आपलीच सावली पडते, म्हणून पांढरा कपडा वर ताणून पहाटेच्या उजेडात काढायचं. फळ फिरवून धरायला एक हात लागतो, आणि या वांग्याच्या देठाच्या हिरव्या टोपीवर काटे असतात, चांगले टोचणारे. बोटं सोलून निघाली. आठवडाभर वरणभात कालवताना झोंबायचं.

पाटी झाली आणि वर ताईंचं वांगं.

मी पाटीसमोर उभा राहिलो आणि पाहिलं तर टोपी गुळगुळीत. एक काटा नाही. मी तडक कडुनिंबाखाली गेलो आणि विचारलं, ताई, काटे कुठे गेले? त्यांनी चष्म्यातून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, समोर होतं तसं काढलंय. मग आबांकडे गेलो. आबा हसले. चूक त्यांची नव्हती. बैलाच्या वेळी मी शेपटीचा गोंडा मोठा झालाय म्हणून तक्रार केली होती, केळीच्या वेळी पानाची, कापसाच्या वेळी बोंडाची, कोंबडीच्या वेळी कसली ते आठवतही नाही. वड्याचं तेल वांग्यावर काढायची माझी सवय सगळ्यांना पाठ होती. आता खरोखरच वांग्याची वेळ आली तर कोण ऐकणार? ‘भाऊंना ताईंचं काहीच पटत नाही,’ एवढंच आबा म्हणाले, तेही प्रेमाने. पाटी राहिली.

पुढे काही वर्षांनी आबा थकले आणि रोजचं बघायला नवे व्यवस्थापक आले. शिकलेले, कामाला पक्के, शिस्तीचे. त्या हिवाळ्यात अक्का नंदुरबारला गेली होती, लेकीच्या बाळंतपणाला. मी सोमवारी एसटीने उतरलो, खोलीत पिशवी टाकली आणि वांग्याच्या वाफ्याकडे गेलो, तर बांधावर उपटलेल्या झाडांचा ढीग. फुलं, फळं सगळी अंगावर. साहेब दोन गड्यांना घेऊन वाफ्यात वाकले होते.

विचारलं तेव्हा म्हणाले की भेसळ काढतोय. ते बरोबरच होतं. बियासाठी लावलेल्या वाफ्यात वाणासारखी नसलेली झाडं दिसली की फूल-फळ न पाहता काढायची, नाहीतर पुढच्या वर्षी सगळंच बिघडतं. शेजारच्या वाफ्यात बिनकाट्याची दुसरी जात होती. मधमाश्यांना कुंपण कळत नाही, त्यामुळे आमच्या वाफ्यात काही झाडं काट्याची आणि काही बिनकाट्याची झाली होती. खरी कोणती आणि भेसळीची कोणती, एवढाच प्रश्न. साहेबांनी तो पाटी बघून सोडवला होता. पाटीवर काटे नाहीत, म्हणजे काट्याची झाडं भेसळ. ते जीव ओतून तापीकाठचं वांगं उपटून टाकत होते.

मी इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहत होतो तो हाच. ताईंचं चित्र चुकलंय हे सगळ्या जगाला दिसणार होतं. पण काट्याच्या झाडांची कडेची एकच ओळ उरली होती, आणि गडी तिच्याकडे वळला होता. दुसरं काही सुचलं नाही, मी त्या ओळीत जाऊन फतकल मारून बसलो. धुतलेली पँट होती. गडी थांबला. साहेबांना वाटलं मला चक्कर आली.

“साहेब, हीच खरी आहेत,” मी म्हटलं. “पाटी चुकलीये.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं त्यावरून कळलं की माझी कीर्ती त्यांच्यापर्यंतही पोचली होती. पण माणूस नीट. म्हणाले, पुरावा दाखवा. मी कार्यालयात नेऊन पहिल्या लावणीचे फोटो दाखवले. मोठे करून दाखवले. प्रत्येक टोपीवर काटे, अगदी मोजून घ्यावेत असे. साहेबांनी पाहिले आणि म्हणाले, एक फोटो म्हणतो आहेत, एक चित्र म्हणतं नाहीत, मी कोणाचं ऐकू? फोटो दुसऱ्या झाडाचा नाही कशावरून? नाकाला मिरच्या झोंबल्या, पण साक्ष द्यायला कोण होतं? बी देणारा म्हातारा गेलेला. आबांना विचारलं तर ते म्हणाले, मी भरीत खाल्लंय रे, देठ नाही पाहिला. अक्का असती तर तिला विचारलं असतं, पण ती बाळंतिणीजवळ, तिला कशाला त्रास, असं साहेबांचं म्हणणं. त्यांनी ती ओळ राखून ठेवली आणि ताईंना बोलावलं.

दुसऱ्या दिवशी ताई रेल्वेने आल्या. मी कपडे बदलून, भांग पाडून बसलो होतो. मनात मांडे सुरू होते. ताई गोंधळतील, मग म्हणतील, भाऊ, तुमचंच बरोबर, वय झालं हो माझं. मी म्हणेन, असू द्या ताई, होतं असं. किती मोठ्या मनाने म्हणेन ते सुद्धा ठरवून ठेवलं होतं.

ताईंनी फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, “यात काटे आहेत हे दिसतंय. पण माझ्यासमोरच्या वांग्याला नव्हते. मी मनाचं काढत नाही, भाऊ. शिंगाचा रंगसुद्धा मी बुडाशी पाहून काढला होता.” आवाज चढला नाही, पण हाताने टेबलाची कड घट्ट धरलेली होती. मला कळलं की बाईंना लागलंय. एखाद्या माणसाने आयुष्यभर समोर आहे तेच काढलं आणि कोणी त्याला खोटं म्हटलं तर लागणारच. मलाही लागलं असतं. म्हणजे लागतच होतं, रोज. ताईच पुढे म्हणाल्या, अक्काला विचारू. वांगी मला तिने आणून दिली होती.

साहेबांनी फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. पाठीमागे तान्हं बाळ रडत होतं. साहेबांनी नातवंडाची चौकशी केली आणि मग विचारलं, आपल्या वांग्याला काटे असतात का?

“ऱ्हातस ना,” अक्का म्हणाली. “काटा नही ते वांगं आपलं नही.”

मग ताईंच्या पाटीवर का नाहीत, असं साहेबांनी विचारलं. अक्काला प्रश्नच समजला नाही. दोनदा सांगावं लागलं. मग ती म्हणाली, “ताईले देवाना आधी मी बठ्ठा काटा मोडी टाकस. त्यासना हात चित्र काढाना शे. त्याले काटा टोचाले नको.”

ताईंना देण्याआधी ती एकेक वांगं हातात घेऊन, नखाने एकेक काटा मोडून मग ताटात ठेवायची. का, तर तो हात चित्र काढणारा आहे. ताई म्हणाल्या, अगं, मला सांगायचंस तरी. अक्का म्हणाली, “त्यामा काय सांगानं?” ताईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिल्या. चष्म्याला काही झालेलं नव्हतं.

जिंकलो होतो मी. माझा फोटो खरा, चित्र चुकीचं, आणि वाणही वाचला. पेढे वाटायची वेळ. आणि मी काय केलं? फोनवर वाकलो आणि विचारलं, “अक्का, आणि माझी बोटं?”

ती हसली. “तुमले काय काटा, भाऊ? तुमी ते दूरथीन फोटो काढतस.”

त्या दिवशी मला जेवढं पोटात दुखलं तेवढं कुठल्याच पाटीने दुखलं नव्हतं. पाट्या काय, आबा देतात. आबांच्या मनात आलं तर उद्या काढूनही घेतात. पण आपल्यासाठी कोणीतरी न सांगता काटे मोडावेत, आणि आपल्याला ते वर्षानुवर्षं कळूही नये, हे कुठे अर्ज करून मिळतं? त्या बाईंना कोणीतरी इतकं जपलं होतं की त्यापायी त्यांचं चित्र चुकलं. मला कोणी जपलं नाही म्हणून माझा फोटो बरोबर आला. असल्या बरोबर येण्याचं काय लोणचं घालायचं?

राहिलेल्या ओळीवर साहेबांनी बारीक जाळीचा कपडा घातला, मधमाशी आत जाऊ नये म्हणून. त्या झाडांचं बी धरलं. पुढच्या वर्षी वाफा पुन्हा काट्यांनी भरला. नवी पाटी झाली, तिच्यावर माझं वांगं, खाली माझं नाव. जुनी पाटी उतरवायला ताईंनीच सांगितलं, स्वतः उभ्या राहून. इतकं मोठं मन दाखवायची काही गरज नव्हती. मी बायकोला धुळ्याहून आणलं. तिने पाटी वाचली, नाव वाचलं, म्हणाली छान आलाय. मग अक्काकडे चहाला गेलो, तर आत देवांच्या फळीशेजारी ताईंची उतरवलेली पाटी. तशीच, बिनकाट्याची. टाइल पुसून लख्ख केलेली.

मागच्या वर्षी मी निवृत्त झालो. निरोपाला आबा आले, ताईही आल्या. निघताना अक्काने दोन पिशव्या आणल्या, एक ताईंना, एक मला. दोन्हींत वांगी. माझी पिशवी हातात देताना ती मोठ्या कौतुकाने म्हणाली, “भाऊ, तुमनाकरता एक बी काटा मोडा नही मी.”

तिच्या मते तो मान होता. काट्यांसाठी चिखलात बसलेला माणूस मी. मी बरं म्हटलं, आबांच्या पाया पडलो आणि एसटी पकडली. पिशवी मांडीवर होती. पारोळ्याच्या पुढे गाडीने गचका दिला आणि कापडातून एक काटा मांडीत घुसला.

घरी पोचल्यावर हातपायही न धुता अमळनेरला फोन लावला. ताईंना वाटलं मी नीट पोचल्याचं कळवतोय. ते झालं, तब्येतीचं झालं. मग मी सहज विचारावं तसं विचारलं की वांगी पाहिलीत का, काटे आहेत का?

“नाहीत हो,” ताई म्हणाल्या. “मोडलेत तिने. का?”

मी म्हटलं, काही नाही, सहज. भरीत चांगलं होतं त्याचं.